सातवं नाव

त्या बाई वडिलांचं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, घेऊन आल्या. वडील दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये, लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानावर रिअर गनर, म्हणजे शेपटीकडचे बंदूकधारी, होते. इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या आमच्या संग्रहाकडे अशा वह्या येत असतात. आम्ही त्या रंगीत स्कॅन करतो, एकेक नोंद उतरवून घेतो आणि मूळ वही कुटुंबाला परत देतो.

रंगीतच का, ते सांगतो. रात्रीची मोहीम लाल शाईने आणि दिवसाची हिरव्या शाईने लिहायची, असा हवाई दलाचा रिवाज होता. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये तो फरक साफ नाहीसा होतो. तरी अजून काही ठिकाणांहून तसल्याच प्रती येतात, त्याची मला चीड येते. आणि पाहुणे आम्हाला हटकतात ते हातमोजे घालत नाही म्हणून! सुती मोज्यातून बोटांना कागद कळत नाही, पानं फाटतात. स्वच्छ धुतलेले, कोरडे हात केव्हाही बरे.

मार्च १९४४ चं पान उघडलं. १८ तारखेला फ्रँकफर्ट, २२ ला पुन्हा फ्रँकफर्ट, २४ ला बर्लिन, २६ ला एसेन. चारही नोंदी लाल. त्याखाली महिन्याची बेरीज आणि फ्लाइट कमांडरची सही. पुढची लाल नोंद थेट मे महिन्यातली, आणि वैमानिकाच्या रकान्यात नाव निराळं.

या कामातल्या माणसाची नजर ३० मार्चवर गेल्याशिवाय राहत नाही. त्या रात्री जर्मनीतल्या न्यूरेंबर्गवर ७९५ विमानं धाडली होती, त्यातली ९५ गमावली. आभाळात अर्धा चंद्र, विमानांमागे उमटणारे वाफेचे पांढरे पट्टे, आणि मार्गाचा एक टप्पा सुमारे ४२५ किलोमीटर सरळ रेषेत आखलेला. जर्मन लढाऊ विमानांना शोधावं लागलंच नाही. बॉम्बर कमांडचं एका मोहिमेत एवढं नुकसान त्या युद्धात दुसऱ्या कुठल्याच रात्री झालं नाही. पण लोक विचारत येतात ते जर्मनीतली धरणं फोडणाऱ्या ६१७ स्क्वाड्रन या हवाई तुकडीबद्दल. ती माणसं शूर होतीच. तरीही सव्वा लाखातली ५५,५७३ माणसं गमावलेल्या दलाची ओळख एकाच मोहिमेपुरती उरावी, हे मला सहन होत नाही.

वडिलांच्या स्क्वाड्रनचं ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक, म्हणजे मोहिमांची अधिकृत नोंदवही, काढलं. त्यातल्या फॉर्म ५४१ वर प्रत्येक विमानातल्या सगळ्यांची नावं असतात. ३० मार्चचा फॉर्म पाहिला. वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बॉम्ब एमर, वायरलेस ऑपरेटर, मिड-अपर गनर ही सहा नावं बाईंनी आणलेल्या, वडिलांच्या विमानातल्या सोबत्यांच्या फोटोच्या मागेही होती. रिअर गनरच्या जागी मात्र कॅनडाच्या एका मुलाचं नाव. शेरा एवढाच, की विमान परतलं नाही, उड्डाणानंतर त्याची काही खबर नाही. सातही जण हॅनोव्हरच्या युद्धदफनभूमीत आहेत.

वडील त्या रात्री का गेले नाहीत? कदाचित सर्दीने कानांना दडे बसले असतील. तसं झालं की डॉक्टर उडू देत नसत. कदाचित रजा असेल. लॉगबुकात फक्त केलेली उड्डाणं लिहितात, न केलेल्याची नोंद नसते.

बाईंना फोटोमागची नावं आणि फॉर्म शेजारी ठेवून दाखवले. त्यांनी दोन्ही पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. मग म्हणाल्या, “बाबा नेहमी सांगायचे, माझं विमान बदललं. माणसं बदलली असं कधीच बोलले नाहीत.” आणि लगेच विचारलं, “या मुलाच्या घरी कोणाला माहीत असेल का, तो कोणाच्या जागी गेला ते?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या मुलाचं नाव लिंकनच्या टेकडीवरच्या बॉम्बर कमांडच्या स्मारकाच्या पोलादी भिंतींवर आहे, सुमारे ५८,००० नावांमध्ये. तो दुसऱ्याच्या जागी गेला होता, हे तिथे कळायला मार्ग नाही. वडील वाचले, म्हणून त्यांचं नाव तिथे नाही. दोघांना जोडणारा कागदही नाही. आहे ती या वहीतली मोकळी जागा.

खरा पेच कॅटलॉगचा. आमच्या पद्धतीत वहीच्या वर्णनात वहीत आहे तेवढंच यावं. न्यूरेंबर्ग वहीत नाही, म्हणजे न्यूरेंबर्ग शोधणाऱ्याला ही वही कधीच सापडणार नाही. माझा सहकारी म्हणतो, नसलेलं लिहायला लागलो तर थांबायचं कुठे? त्याचा मुद्दा पोकळ नाही. काही कुटुंबं घरातल्या आठवणी वहीवर चढवतात आणि त्या तपासताना आमचा जीव जातो. पण इथे दोन अस्सल कागद आहेत, तारीख आहे, सातवं नाव आहे.

मी टिपेत वाक्य लिहिलंय: “३० मार्च १९४४ रोजी या गनरचं विमान न्यूरेंबर्गला गेलं, त्याच्या जागी दुसरा गनर होता, पाहा फॉर्म ५४१.” सहकाऱ्याने त्यावर हरकत घेतली आहे. पुढच्या बैठकीत विषय निघेल तेव्हा हे वाक्य काढू देणार नाही.