माळ्यावरचे डबे

यंदा दिवाळीच्या साफसफाईत माळा पूर्ण रिकामा केला, तेव्हा लग्नामुंजींत आहेर म्हणून आलेले, वेष्टणही न काढलेले स्टीलचे ११ डबे आणि श्रीखंडाचे असंख्य रिकामे डबे खाली उतरले. ‘लागेल कधीतरी’ असे म्हणत सासूबाईंनी, आणि खरे सांगायचे तर मीही, ते जपले होते. पूर्वी जुन्या साड्या बोहारणीकडे जात आणि त्यांच्या बदल्यात पुन्हा भांडीच घरात येत. त्यामुळे पसारा कमी न होता केवळ रूप बदलत असे. या वेळी भांडी सरळ मोडीत दिली. किराण्याची यादीही आता फडताळ तपासल्यावरच करतो, कारण साबुदाण्याची तीन अर्धवट पाकिटे एकामागे एक सापडली होती. सासूबाईंनी एक पितळी डबा मात्र परत वर चढवला. त्यावर त्यांच्या आईचे नाव कोरलेले आहे.