तुम्ही विचारलंत म्हणून: आधी चेहरा की पोशाख?

व्हिडिओ गेमसाठी पात्रे रचण्याचे काम मी करते हे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: विज्ञानकथेतले नवे पात्र सुचते तरी कसे, आधी चेहरा दिसतो की पोशाख? माझ्या उत्तराने बहुतेकांचा थोडा हिरमोड होतो, कारण मी आधी जागा ठरवते आणि त्या जागेच्या अटी नीट मांडल्या की पात्राचे निम्मेअधिक काम त्यांनीच उरकलेले असते.

सध्या हातात असलेल्या मंदाचेच पाहा. पन्नाशीला टेकलेली ही दुरुस्ती कामगार शनीच्या टायटन या चंद्रावर संदेशवहनाचे मनोरे सांभाळते. तेथील वातावरणाचा दाब पृथ्वीच्या सुमारे दीडपट आहे, त्यामुळे आपल्या चंद्रावर किंवा मंगळावर लागतो तसा हवा भरलेला फुगीर पोशाख येथे लागत नाही. श्वासासाठी ऑक्सिजन आणि उणे १७९ अंश सेल्सिअसच्या थंडीपासून बचाव एवढे पुरते. या एका गोष्टीने अंतराळवीराची ठरावीक गोलमटोल आकृती निकालात निघाली आणि मंदाला थरांवर थर चढवलेले जाड कपडे, अवजारांचा कमरपट्टा आणि वाकता येईल अशी कंबर मिळाली.

रंगाने मात्र बराच विचार करायला लावला. अंतराळवीरांच्या उड्डाणाच्या पोशाखाला नारिंगी रंग देतात तो माणूस लांबून दिसावा म्हणून. टायटनवर तोच रंग त्याला गडप करील, कारण तेथले आकाशच नारिंगी धुक्याने भरलेले आहे. १४ जानेवारी २००५ रोजी तेथे उतरलेल्या हायगेन्स यानाने पाठवलेल्या छायाचित्रांत तो उजेड दिसतो. निळा प्रकाश त्या धुक्यातच अडतो, त्यामुळे निळे कापड बाहेर काळपट दिसणार, आणि मला तेच हवे होते: तळाच्या पांढऱ्या दिव्यांखाली मंदा गडद निळी असते आणि दाराबाहेर पाऊल टाकताच केशरी धुक्यावर उमटलेली काळी आकृती होते. आकृती काळ्या रंगाने भरून नखाएवढी लहान केली तरी कोण ते ओळखू आले पाहिजे, ही आमच्या धंद्यातली जुनी कसोटी. १९८१ सालच्या ‘डाँकी काँग’मधल्या मारिओला टोपी आणि मिशा मिळाल्या त्याही मोजक्या ठिपक्यांत केस आणि तोंड काढणे अवघड होते म्हणूनच.

पाठीकडे लोक दुर्लक्ष करतात, याचे मला नेहमी नवल वाटते. कॅमेरा पात्राच्या मागे असेल तर खेळणारा तासन्‌तास पाठच पाहत असतो. २००८ सालच्या ‘डेड स्पेस’ने हे ओळखून नायकाचा जीव किती उरला हे दाखवणारी पट्टी थेट त्याच्या पाठीच्या कण्यावर बसवली. मंदाच्या पाठीवर ऑक्सिजनची टाकी आहे. टायटनच्या हवेत मिथेन आहे, पण ऑक्सिजन नाही, म्हणून तेथे काडी पेटत नाही. टाकी गळू लागली आणि जवळपास ठिणगी उडाली, तर मात्र ज्वाळा निघू शकते. ज्यावर ती जगते त्याचीच तिला धास्ती, म्हणून टाकीचा काटा मी खेळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ठेवला.

तिच्या लकबी मी आमच्या भागातल्या वायरमनकडून घेतल्या. खांबावर चढण्याआधी तो दोराला दोनदा हिसका देतो आणि वर पोचल्यावर पक्कड दातांत धरून दोन्ही हात मोकळे करतो. मंदाच्या तोंडावर मुखवटा असल्याने दात उपयोगाचे नाहीत. तिची पक्कड डाव्या मनगटाला दोरीने बांधलेली असते आणि टायटनवरचे वजन पृथ्वीच्या जेमतेम एक सप्तमांश असल्यामुळे हात थांबला तरी ती हवेत सावकाश झुलत राहते. हा झोका मला तिच्या साऱ्या पूर्वकथेपेक्षा मोलाचा वाटतो.

नायिका जरा तरुण करा, अशी सूचना वरून आली होती. गुडघे कुरकुरणारी बाई हलक्या गुरुत्वाकर्षणाच्या जागी नोकरी का धरते, याचे उत्तर तिच्या वयातच आहे, एवढे सांगितल्यावर तो विषय मिटला.

चेहरा अजून काढलेला नाही. त्याआधी हातमोज्यांचा निकाल लावायचा आहे, कारण एवढ्या जाड बोटांत पक्कड मावते हे आमच्या अ‍ॅनिमेटरला अद्याप पटलेले नाही.