मान ‘कट्ट’ करून घेण्याआधी

कोल्हापुरात गंगावेशीतल्या तालमीची पोरं माझ्याकडे फिजिओथेरपीला येतात. हल्ली सगळ्यांच्या मोबाईलवर तोच व्हिडिओ: मान फिरवली, कट्ट आवाज, नस मोकळी! “मॅडम, आमचीबी अशीच मोकळी करा की.”

तो आवाज नसेचा नसतो, हाडाचाही नसतो. सांध्यातल्या वंगणावरचा दाब एकदम उतरला की तिथे वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज.

मणक्यांना असे झटके देऊन उपचार करण्याच्या पद्धतीला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. ती सुरू केली डॅनियल पामर यांनी, १८९५ मध्ये, अमेरिकेतल्या डेव्हनपोर्टला. मणका जागचा हलला की मज्जातंतूंचं काम अडतं आणि बहुतेक रोग त्यातूनच होतात, असं त्यांचं म्हणणं. ते सिद्ध झालेलं नाही. पण कंबरदुखीत हाताच्या उपचाराने थोडा आराम पडतो, हे खरंच. सांध्यातून आणि स्नायूंतून मेंदूकडे जाणारे संदेश बदलतात, वेदना काही काळ दबते, असं बहुधा होत असावं. कंबर मीही हाताने सैल करते.

मानेला झटका मात्र देत नाही. मानेच्या मणक्यांतून मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या वर जातात. झटक्यानंतर त्यांचा आतला थर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. क्वचितच, पण विशीतल्या पैलवानावर हा डाव मी टाकणार नाही.

आणि कंबरदुखीबरोबर जांघा, बैठकीची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर वस्तादांना किंवा मला विचारत बसू नका. रिक्षा करा आणि त्याच रात्री सीपीआर रुग्णालय गाठा.