एकतीस दिवस बिनदुधाचे

पहिल्याच दिवशी सकाळी सव्वासहाला माझा चहा नासला. आलं घालून खळखळ उकळलेल्या चहात सोयाबीनचं दूध ओतलं आणि पातेल्यात पांढरे कण तरंगायला लागले. गाळून पाहिला तर कपात तपकिरी पाणी आणि गाळणीत चोथा. एक घोट घेतला, उरलेला बेसिनमध्ये ओतला. जानेवारीचे तीस दिवस अजून बाकी होते.

हे खूळ माझं नव्हे, लेकीचं. ती एकोणीस वर्षांची, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. डिसेंबरच्या शेवटी एका रात्री जेवताना तिने जाहीर केलं की ती महिनाभर व्हीगन राहणार. मटण आणि अंडी तिने दोन वर्षांपूर्वीच सोडली होती, त्यामुळे मला प्रश्न पडला की आता सोडायला उरलं काय. दूध उरलं होतं. दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा आणि वर मध. इंग्लंडमध्ये 1944 साली डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मंडळींनी हा शब्द काढला, तोच मुळी दूध पिणाऱ्या शाकाहाऱ्यांपासून आपण वेगळे हे सांगायला, ही माहिती मला वरण वाढता वाढता मिळाली. मी म्हटलं, "दोन-दोन स्वयंपाक माझ्याच्याने व्हायचे नाहीत." ती म्हणाली, "मग तूही कर ना माझ्याबरोबर." नवऱ्याने तेवढ्यात तुपाची वाटी स्वतःकडे ओढून घेतली, म्हणजे त्याचं मत कळलं.

मी हो म्हटलं कारण ही पोरगी संक्रांतीच्या पुढे टिकणार नाही अशी माझी खात्री होती. आणि खरं सांगायचं तर थोडी जिरवायचीही होती. माझं माहेर कोल्हापूरजवळच्या खेड्यातलं. गोठ्यात कायम दोन-तीन म्हशी. लहानपणी कोल्हापूरला गेलो की वडील आम्हाला गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर न्यायचे. समोर धार काढून फेसासकट पेला हातात द्यायचे. ओठावर पांढरी मिशी उमटली की वडील खूश. अशा घरातली मी. दुधाशिवाय राहणं म्हणजे काय ते हिला कळू दे, असा माझा सूर होता.

सुरू करण्याआधी दोघींची रक्ततपासणी करून घेतली, हे एक शहाणपणाचं काम झालं. माझं बी-12 निघालं 162. कागदावर खालची मर्यादा 200च्या आसपास. मी डॉक्टरांना म्हटलं, बघा, दूध सोडायच्या आधीच हे. ते म्हणाले, "रोज दूध पिऊन ते एवढंच आहे, त्यामुळे दोष दुधाला पण देऊ नका आणि श्रेयही. पण डाळी, भाज्या, धान्यं यांत बी-12 नसतंच म्हटलं तरी चालेल. गोळी घ्यावीच लागेल." लेकीला वाटत होतं की नीट आहार घेतला की गोळ्या लागत नाहीत. तिने तोंड वाकडं केलं, पण घेतली. कॅल्शिअमसाठी नाचणी आणि तीळ. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात कॅल्शिअम असतं, म्हणजे वजनाला वजन धरलं तर दुधाच्या दुपटीहून जास्त. अर्थात नाचणीची एक भाकरी होते पन्नासेक ग्रॅम पिठाची आणि दूध आपण पेल्याने पितो, हा हिशेब सांगायला लोक विसरतात. मोठ्या माणसाला दिवसाला हजार मिलिग्रॅम लागतं. आम्ही सकाळी नाचणीची आंबील, रात्री तिळाची चटणी आणि अधेमधे राजगिऱ्याची पालेभाजी असं ठेवलं.

जेवणाचा पहिला आठवडा इतका सोपा गेला की मला जरा फसवल्यासारखं वाटलं. पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, भरलं वांगं, शेंगदाण्याची आमटी, अळूचं फदफदं, कांदेपोहे, थालीपीठ. यातल्या कशातच दूध नाही आणि कधी नव्हतं. थालीपिठावरचा लोण्याचा गोळा तेवढा गेला. सोलकढी तर जन्मजात व्हीगन. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर कच्चं घाण्याचं तेल हे माझं लहानपणचं सकाळचं खाणं, ते मी तीस वर्षांनी पुन्हा खाल्लं. एका रात्री लेक म्हणाली, "आई, आपण अर्धे व्हीगन होतोच की." मी म्हटलं, तुझ्या पणजीला हे कुणी सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, दूध विकायला होतं म्हणून तेल खात होतो, बाई.

अडलं ते भलतीकडेच. वरण-भातावर तूप नाही म्हणजे काय, हे शब्दांत सांगता येत नाही. मी तेलाची फोडणी देऊन पाहिली, लिंबू जास्त पिळलं, पण गरम भाताची जी वाफ तुपाला भेटून वर येते तिला पर्याय नाही. नवरा समोर बसून साजूक तूप घेत होता. तिसऱ्या दिवशी मी त्याला ताट घेऊन हॉलमध्ये पाठवलं.

बाहेरचं खाणं हा वेगळाच ताप. बिस्किटाच्या पुड्यामागे बारीक अक्षरात दुधाची पावडर. टोस्टात तेच. ब्रेडचं पाकीट तर मी दुकानात चष्मा कपाळावरून खाली घेऊन दहा मिनिटं वाचलं. आपल्याकडचा हिरवा ठिपका शाकाहाराचा, त्यात दूध बसतं. व्हीगनसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वेगळं चिन्ह काढलंय, हिरव्या व्हीला पान फुटल्यासारखं, पण आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराने ते कधी पाहिलं नव्हतं. एका हॉटेलात वेटरला विचारलं, नानमध्ये दही आहे का? तो म्हणाला, "नाही मॅडम, फक्त दूध."

चहावर परत येते, कारण महिन्यातली माझी निम्मी अक्कल चहात खर्च झाली. सोयाबीनचं दूध फाटतं ते उकळत्या, आंबटसर चहात एकदम पडल्यामुळे. उपाय असा की चहा गॅसवरून उतरवायचा, दूध वेगळं कोमट करायचं आणि दुधात चहा ओतायचा, चहात दूध नाही. तसा केला की फाटत नाही, पण वास राहतो. नारळाच्या दुधाचा चहा म्हणजे सोलकढीत चुकून पत्ती पडावी तसा. शेंगदाण्याच्या दुधाला दाण्याच्या कुटाची चव येते, उपवासाला बरा. ओटचं विकतचं दूध चांगलं लागलं, पण लिटरला तीनशेच्या आसपास, म्हशीच्या दुधाच्या चौपट. शेवटी काजू जिंकले. आठ-दहा काजू रात्री भिजवायचे, सकाळी वाटायचे, गाळायचंही नाही. दाट, मऊ, निमूट चहा होतो. पण रोज सकाळी साडेसहाच्या लोकलच्या घाईत मिक्सर लावणारी बाई मी नव्हे. दुसऱ्या आठवड्यापासून मी गुळाचा कोरा चहा घ्यायला लागले, गवती चहाचं पातं टाकून. उपाशीपोटी घेतला की छातीत जळजळ व्हायची, म्हणून आधी दोन खजूर.

दह्याचा प्रयोग लेकीने केला. वाटीभर शेंगदाणे रात्रभर भिजवून, सालं काढून, वाटून, फडक्यातून गाळलं. ते दूध उकळताना सतत ढवळावं लागतं, नाहीतर बुडाला धरतं. आमचं धरलंच. कोमट झाल्यावर त्यात हिरव्या मिरच्यांची देठं टाकायची, हे विरजण. देठांवरच्या जंतूंनी दही लागतं म्हणे. पुण्यातल्या थंडीत ते लागायला सोळा तास गेले, तेही भांडं शालीत गुंडाळून. पहिली खेप ताकाच्या धर्तीची, वर पाणी आणि खाली साका. पण त्यातला चमचाभर पुढच्या खेपेला विरजण म्हणून वापरला आणि ते दही चक्क कवडीचं नसलं तरी चमच्याने उचलण्यासारखं लागलं. नुसतं खाल्लं तर दाणे लागतात. कढी मात्र अशी झाली की नवऱ्याने दुसऱ्यांदा मागितली आणि मग विचारलं कशाची आहे.

भोगीला पोरगी मोडेल असं मला वाटलं होतं, तर तो आमचा सगळ्यात चांगला दिवस ठरला. गाजर, पावटा, हरभरा, वांगं, बोरं, तीळ-दाण्याचं कूट घालून भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी. लोणी नाही म्हणून काही बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशी गुळाच्या पोळीला तूप नव्हतं, तेव्हा बिघडलं.

त्याच आठवड्याच्या शनिवारी आम्ही दोघी माहेरी गेलो. मी आधी फोन करून सांगितलं नव्हतं. चहा आला, दाट, सायीचा, आणि मी म्हटलं, "वहिनी, कोरा चालेल का?" वहिनी कप हातात धरून उभीच राहिली. "व्हय वन्सं, आमच्या म्हशीनं तुमचं काय घोडं मारलंय?" दादा हसला. आईने ऐकलं आणि विचारलं ते एवढंच की पोरगीला दिवस जायच्या वयात दूध नाही तर हाडं कशी राहणार. लेक नाचणीचा हिशेब सांगायला लागली, आईने हात झटकला.

संध्याकाळी धारेच्या वेळी लेक गोठ्यात गेली, मागोमाग मी. महिन्याभरापूर्वी व्यालेली म्हैस होती. वहिनीने आधी पारडू सोडलं, त्याने दोन-चार ढुशा दिल्या, म्हशीने पान्हा सोडला आणि लगेच वहिनीने त्याला ओढून हातभर अंतरावर बांधलं. मग ती चरवी मांडीत धरून बसली. ते पिल्लू दावणीला ताण देऊन, मान लांब करून, तोंड उघडं ठेवून उभं होतं. चरवीत पहिल्या धारा वाजतात, मग फेस आला की आवाज मऊ होतो. हा आवाज मी हजारदा ऐकलाय. पिल्लाकडे किती वेळा पाहिलं असेल?

लेकीने विचारलं, "मामी, त्याच्यासाठी किती ठेवता?"

"एक सड ठेवतो की. रेडी हाय ही, पुढं म्हस हुतीया. हिला जपाया पायजे."

"आणि रेडा असता तर?"

वहिनीने उत्तर दिलं नाही. धार संपवली, चरवी उचलली, जाता जाता म्हणाली, "वैरण काय भाव झालीया ठाव हाय का तुला?"

उत्तर मला माहीत होतं. आमच्या घरात वाढलेल्या कुठल्याही पोराला माहीत असतं. मी आठ-नऊ वर्षांची असताना एका रेडकूला मी पाटीतल्या भाकरीचा तुकडा भरवायची. त्याच्या पोटाला खळगा पडला होता, डोळ्यांवर माशा. एका सकाळी ते जागेवर नव्हतं. मी विचारलं तेव्हा वडील म्हणाले, "टिकलं न्हाई." म्हैस दोन दिवस हंबरली, मग आंबोणावर धार द्यायला लागली. टिकलं नाही म्हणजे काय, हे मला तेव्हाच कळलं होतं. कळलं होतं आणि त्याच संध्याकाळी मी पेलाभर दूध प्यायले होते.

हे मी लेकीला परतीच्या बसमध्ये सांगितलं. तिने काही व्याख्यान दिलं नाही, याचं मला बरं वाटलं. पण रात्री निजताना वहिनी मला जे म्हणाली होती तेही मी तिला सांगितलं. दर दहा दिवसांनी दूध संस्थेचं बिल येतं, फॅट बघून दर लागतो, दिवाळीला फरक मिळतो. घरात उसाचे पैसे दादाच्या हातात येतात. दुधाचे तेवढे वहिनीच्या. "तुमच्या भाच्याची फी मी त्यातनं भरती, वन्सं. दूध कुणी प्यालंच न्हाई तर मी काय करू?" याला लेकीकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही.

सव्वीस जानेवारीला सोसायटीत सत्यनारायण. तीर्थ म्हणून पंचामृत हातावर आलं. दूध, दही, तूप, मध, साखर. लेक कानात कुजबुजली, "पाचातली फक्त साखर चालेल." मी ते प्यायले. शिऱ्याचा प्रसादही खाल्ला, तुपाने द्रोण पारदर्शक झालेला. महिन्यातला हा माझा एकमेव व्रतभंग, आणि त्याबद्दल मला काहीही वाटलं नाही. तिने प्रसाद कपाळाला लावून बाबांच्या हातात दिला.

शरीराचं म्हणाल तर चमत्कार झाला नाही. पहिल्या आठवड्यात उसळी वाढल्याने पोटात वारा धरला, मग सवय झाली. वजन सव्वा किलोने उतरलं, ते बहुधा हॉटेल आणि बेकरी बंद झाल्याने. चेहरा उजळला वगैरे काही नाही. लेकीची मुरमं आहेत तिथे आहेत.

फेब्रुवारीत मी तुपावर परतले, चहाला मात्र कोराच राहिले. का ते विचारू नका, आता दुधाचा जड वाटतो. लेक अजून सोडायला तयार नाही.

परवा रात्री वहिनीचा फोन आला. दुसरी म्हैस व्याली, चीक पाठवू का म्हणून. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. पहिल्या दिवसाच्या चिकाचा खरवस, गूळ-वेलदोडा घालून, कुकरच्या वाफेवर थरथरणारा. मी "पाठव" म्हणून गेले, आणि मग विचारलं, "काय झालं गं, रेडी का रेडा?"

पलीकडे जरा वेळ काही ऐकू आलं नाही.

"रेडा," वहिनी म्हणाली.

काल सकाळच्या एसटीने बाटली आली. अजून फ्रीझरमध्येच आहे.