जैसलमेरची परिषद आणि समचे ते चाळीस किलोमीटर

निमंत्रणपत्रिकेवर ठळक अक्षरांत 'जैसलमेर' छापलं होतं. पशुवैद्यकांची ती परिषद जैसलमेरात नव्हतीच. ती होती समला, वाळूच्या टेकड्यांना लागून असलेल्या तंबूंच्या रिसॉर्टवर, गावापासून पश्चिमेला चाळीसेक किलोमीटर. आयोजकांना फोन केला तर म्हणाले, "मॅडम, जिल्हा तो जैसलमेर ही है." जिल्हाच धरायचा तर उद्या परिषद अक्कलकोटला ठेवून पत्रिकेवर सोलापूर छापता येईल. आपल्या सोलापूरकडच्या पशुवैद्यकांपैकी बरेच जण पुढच्या वेळी जाणार म्हणतायत, म्हणून हे लिहितेय. एकट्या जाणाऱ्यांनी तर वाचाच.

आधी रेल्वेचं बघू. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघालं की सकाळी मुंबई. पुढे जोधपूरला जाणारी सूर्यनगरी वांद्रे टर्मिनसवरून सुटते. हे टर्मिनस वांद्रे स्टेशनला लागून नाही, बॅगा घेऊन तिथवर जाण्यात जीव जातो. त्यापेक्षा दादरला उतरायचं, पश्चिम रेल्वेची लोकल पकडून बोरिवली गाठायची आणि सूर्यनगरीत तिथूनच चढायचं. तिकीट काढतानाच चढण्याचं स्टेशन बोरिवली टाका. जोधपूरला दिवसभर होते, मेहरानगड पाहिला, मखनिया लस्सी प्यायले, सगळं छान. त्यावर इतरांनी भरपूर लिहिलंय.

जोधपूर ते जैसलमेर साधारण २८५ किलोमीटर, रेल्वेनं पाच-सहा तास. इथे माझा सल्ला एकच: दिवसाउजेडी पोचेल अशीच गाडी घ्या, आणि ती दोन-तीन तास उशिरा येणार हे गृहीत धरा. माझी गाडी रखडली. रामदेवरा सोडल्यावर एक जण डब्यात शिरला आणि एकटी बाई पाहून थेट समोरच्या बाकावर येऊन बसला. हॉटेल, जीप, उंट, सगळं त्याच्याकडे 'एकदम फिक्स रेट'. अशांना हॉटेलचं नाव सांगू नका. सांगितलंत की ते हॉटेल 'बंद पडलंय' किंवा 'फुल आहे' असं ऐकवतात. परिषदेला आलेय म्हटल्यावर त्यानं भाव चढवलाच, कारण परिषदवाल्यांचे पैसे ऑफिस देतं असा सगळ्यांचा समज. माझं ऑफिस म्हणजे माझा विजापूर रोडवरचा दवाखाना!

स्टेशनाबाहेर समला सोडायचे ३५०० रुपये मागितले. कारणं काय, तर रात्रीची वेळ, येताना रिकामी गाडी, थंडी, आणि शेवटी 'बाईसा, सेफ्टी भी तो है'. हे शेवटचं ऐकून डोकंच फिरलं. अ‍ॅपवर गाडी दिसेना. आयोजकांच्या 'पिकअप'च्या नंबरावर कोणी उचलेना. त्या रात्री मी समला गेलेच नाही. गावातच, किल्ल्याखालच्या रस्त्यावर एका साध्या लॉजमध्ये खोली घेतली आणि सकाळी बेळगावहून आलेल्या दोन डॉक्टरांबरोबर गाडी वाटून गेले. माणशी ६०० पडले. तोच रस्ता, तेवढेच किलोमीटर.

म्हणून ज्या दिवशी पोचाल त्या रात्री गावातच राहा. प्रतिनिधींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो, त्यावर आदल्या दिवशी 'समला कोण कोण' एवढंच टाका, चार जण लगेच जमतात. ने-आण आयोजक करणार असतील तर गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन लेखी घ्या. राहायला किल्ल्याच्या आतली खोली नको. ११५६ सालचा किल्ला, आत अजून वस्ती आहे, आणि सांडपाणी मुरून त्याचे बुरूज खचलेत. आपल्या आंघोळीचं पाणी त्यात कशाला? मरुमहोत्सव माघी पौर्णिमेच्या सुमारास असतो. परिषद त्याच दिवसांत आली तर खोली महिनाभर आधी धरा.

तंबू दोघांच्या हिशेबाचा असतो. एकटं राहिलात तरी पैसे जवळपास दोघांचेच. नोंदणी शुल्कात राहणं धरलंय का, हे आधी विचारा. आमच्यात धरलेलं नव्हतं.

आणि थंडी. "सोलापूरच्या माणसाला वाळवंटाचं काय कौतुक, आपण बेचाळीसात फिरतो," असं मला निघताना चौघांनी तरी ऐकवलं. जानेवारीत तिथं पारा सात-आठ अंशांवर येतो. कोरडी हवा, उघडी वाळू, ऊन उतरलं की तासाभरात हुडहुडी भरते. तंबूतली रजई धुळीनं जड झालेली. मी घरची चादर नेली होती, आपली जाड सोलापुरी, तिनंच निभावलं. कानटोपी आणि ओठांना लावायला काहीतरी ठेवा, दुपारच्या उन्हासाठी टोपी वेगळी. कडक भाकरी आणि शेंगा चटणी न्या, कारण पहिल्या दिवशीचं जेवण दुपारी साडेतीनला आलं.

परिषदेतलं काम चांगलं होतं. उंटांच्या सर्रा या रोगावरचं सत्र आणि थारपारकर गायींवरचं सत्र, दोन्ही चुकवू नका. उरलेल्यातली बरीच भाषणं आभार मानण्यातच गेली.

संध्याकाळच्या उंटसफारीला मी नाही म्हटलं, तुम्हीही पशुवैद्यकाच्या नजरेनं बघूनच ठरवा. नकेलीभोवती, म्हणजे नाकात टोचलेल्या खुंटीभोवती, पू किंवा माशा आहेत का, खोगिराखालची कातडी घासून केस गेलेत का, बसवताना तो ओरडतोय का, एवढं बघायला आपल्याला दोन मिनिटं लागतात. मी पाहिलेल्या ओळीतल्या निम्म्या उंटांची नाकं चिघळलेली होती. जिथं उंट राज्यपशू आहे तिथं ही अवस्था, आणि आत हॉलमध्ये आम्ही 'उंटसंवर्धना'वर ठराव करत होतो. जीपसफारी तर निव्वळ गोंगाट. टेकड्यांवर डीजे लागतो, वाळूत बाटल्या रुतलेल्या असतात. माझ्या मते समची संध्याकाळ फुकट दिली तरी घेऊ नये. त्यापेक्षा वाटेत कुलधरा आहे, पालीवाल ब्राह्मणांनी सोडून दिलेलं गाव, तिथं सकाळी लवकर थांबा. आसपास खडीन नावाची शेतं दिसतात का बघा. वर्षाला २०० मिलिमीटरच्या आत पाऊस, तरी बांध घालून अडवलेल्या पाण्याच्या ओलीवर गहू काढतात. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्यांना दाखवायला मी फोटो आणलेत.

तिथल्या वाळवंट राष्ट्रीय उद्यानातल्या सुदासरीला माळढोक पक्षी दिसला. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात वर्षानुवर्षं जाऊन न दिसलेला.

परतीला पुन्हा बोरिवलीलाच उतरा. आणि सरकारी नोकरीतल्यांनो, टॅक्सीची पावती गाडीत बसायच्या आधी मागा. उतरल्यावर ड्रायव्हरकडचं पावतीपुस्तक हमखास संपलेलं असतं, आणि बेळगावच्या त्या डॉक्टरांचं प्रवासभत्त्याचं बिल अजून अडकलेलं आहे.