पटलेल्या ओळी

दुपारी रद्दीच्या दुकानात गिऱ्हाईक नसते, त्यामुळे उभ्याने कितीही वाचत राहिले तरी दुकानदार हटकत नाही. अशाच एका दुपारी मनःशांतीवरचे एक पुस्तक चाळताना लक्षात आले की, आधीच्या मालकाने पेन्सिलीने ओढलेल्या रेघा दुसऱ्या प्रकरणाच्या मध्यावरच संपल्या आहेत. शेजारी वेळेच्या नियोजनावरचे पुस्तक होते. तेथेही तेच, फक्त रेघा पिवळ्या शाईच्या. मग मला तो चाळाच लागला. पाककृतींच्या पुस्तकांत हळदीचे आणि तेलाचे डाग पार शेवटच्या पानापर्यंत सापडतात. आयुष्य घडवणाऱ्या पुस्तकांचा उत्तरार्ध मात्र कोरा करकरीत.

या रेघांवर माझा जुना राग आहे. माणूस रेघ ओढतो ती बहुधा त्याला आधीपासून ठाऊक असलेल्या वाक्याखाली. गेल्या गोष्टी उगाळत बसू नये, हे कोणाला पटत नाही? अडचण अशी की या पुस्तकांतली बहुतेक वाक्ये खरी असतात, खरे वाक्य चटकन पटते, आणि पटल्याचे समाधान इतके भरघोस असते की त्याप्रमाणे वागून पाहण्याची निकडच उरत नाही.

आपल्याकडे हे फार पूर्वी ओळखले गेले होते. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात साधा मूर्ख पहिल्याच समासात भेटतो; बहुश्रुत असून दुराशा आणि अभिमान न सुटलेल्या पढतमूर्खासाठी समर्थांनी दहावा समास राखून ठेवला आहे. ‘खादल्याची गोडी देखिल्यासी नाहीं’ असे तुकोबांनी बजावले. तेही आपल्यापर्यंत आले ते गाथेतूनच आणि त्याखालीही लोक रेघा ओढतातच. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात मात्र दहा दिवसांच्या शिबिरात वाचनलेखनच वर्ज्य असते, हे मला रास्त वाटते. मला ते कितपत झेपेल, हा प्रश्न निराळा.

आमचे आजोबा सकाळी आंघोळीनंतर दासबोधाचा एक समास वाचत. दशक 20, समास 200. म्हणजे वर्षभरात एक आवर्तन पुरे होऊन दुसरे बरेच पुढे गेलेले असे. त्या वेळात घरात टाचणी पडलेलीही चालत नसे. स्वयंपाकघरात एखादे पातेले आपटले की ते ओवी अर्धवट सोडून असे गरजत की, चुलीपाशी बसलेल्या आजीच्या हातातला पळा तेथेच थांबे. क्रोधाच्या भरात आईलाही न ओळखणे हे तमोगुणाचे लक्षण होय, असे सांगणारा समास चालू असला तरी यात फरक पडत नसे, आणि त्या दिवशी आम्ही मुले कोपऱ्यात तोंड दाबून हसत असू.

तिसऱ्या दशकातला मृत्युनिरूपणाचा समास त्यांना तोंडपाठ होता. मृत्यू राजा म्हणत नाही, शूर म्हणत नाही, पंडित म्हणत नाही, अशा त्यातल्या ओव्यांमागून ओव्या, गावात कोणी गेले की ते समाचाराला जाऊन ऐकवत, आणि ऐकणारी माणसे, त्यांच्या मनात काहीही असो, माना डोलावत. मग आजी गेली. भेटायला येणाऱ्यांनी त्याच ओव्या आजोबांना ऐकवल्या आणि त्यांनीही मान डोलावली.

तेरावा झाल्यावर वाचन पुन्हा सुरू झाले. काही महिन्यांनी तिसरा दशक आला तेव्हा आठवा समास वाचून झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी एकदम दहावा, म्हणजे वैराग्याचा समास उघडला. पुढच्या आवर्तनातही तेच, त्याच्या पुढच्यातही. पारायणाच्या नियमांत असे एखादा समास गाळणे बसत नाही. पण ते त्यांना सांगण्याची घरात कोणाची छाती नव्हती.