‘स्त्री’ची सहा अक्षरं

अभंग रचणाऱ्याला ‘स्त्री’ हे एकच अक्षर. सहा-सहा-सहा-चारच्या चरणांत ते एकाच बोटावर मोजलं जातं, आत कितीही दाटीवाटी असो. मोबाइलवरच्या मेसेजचा हिशेब निराळा. तिथे स, पायमोड, त, पायमोड, र आणि वेलांटी अशा सहा खुणा लागतात. घरी बसून एकट्याने मजकूर लिहून देण्याचा धंदा करणाऱ्याचं पोट या दुसऱ्या हिशेबावर चालतं. लोकांना वाटतं, काय मजा आहे, खिडकीशी बसायचं, चहा प्यायचा आणि सुचलं की लिहायचं. सुचण्याचा भाग तासाभरात उरकतो. उरलेला दिवस मोजण्यात जातो. शब्द मोजा, खुणा मोजा, दुरुस्तीच्या फेऱ्या मोजा, बिलाचे दिवस मोजा.

मेसेजचंच घ्या. इंग्रजी असेल तर साध्या एसएमएसमध्ये १६० खुणा मावतात. देवनागरीचं एक अक्षर जरी आलं, तरी सगळा मेसेज युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या संकेतपद्धतीत जातो आणि मर्यादा थेट ७० वर येते. एकाहत्तरावी खूण पडली की एकाचे दोन मेसेज. त्यातही दोन तुकडे जोडण्याच्या माहितीला जागा लागते, म्हणून प्रत्येक तुकड्यात ६७च मावतात. पाच हजार गिऱ्हाइकांना पाठवायचा असेल तर दुकानदाराला दहा हजार मेसेजचं बिल येतं, आणि ते बघून तो फोन लेखकालाच करतो.

समजा, साड्यांच्या दुकानाचं काम आहे. दुकानदाराने सांगितलेलं जसंच्या तसं लिहिलं तर असं होतं: ‘दिवाळीनिमित्त सर्व साड्यांवर २० टक्के सूट. ऑफर शुक्रवारपर्यंत. महालक्ष्मी वस्त्र भांडार’. दिसायला सुटसुटीत. एक्सेलच्या चौकटीत टाकून शेजारच्या चौकटीत ‘एलईएन’चं सूत्र लावा, आकडा येतो ८७. एकट्या ‘महालक्ष्मी’ने दहा खाल्ल्या. नाव काढता येत नाही, कारण मेसेज कुणाचा हे कळायला हवं. मग कात्री. ‘निमित्त’ जाऊन नुसता ‘त’ राहिला की सहा वाचतात. ‘सर्व’ गेलं की मोकळ्या जागेसकट पाच. ‘टक्के’ऐवजी चिन्ह टाकलं की आणखी पाच. ‘ऑफर’ हा शब्द तसाही कामाचा नव्हता, चार. सूटनंतरचा पूर्णविराम, एक. आता उरतं ते हे: ‘दिवाळीत साड्यांवर २०% सूट शुक्रवारपर्यंत. महालक्ष्मी वस्त्र भांडार’. बेरीज ६६.

आता गंमत बघा. आधीच्या मजकुरात अकरा शब्द होते, नंतरच्यात आठ. शब्दामागे पैसे ठरले असतील तर अर्धा तास डोकं खपवून लेखकाने स्वतःचे तीन शब्द कापून घेतले. म्हणून मेसेज, जाहिरातीची ओळ, दुकानाची पाटी, पाकिटावरचा मजकूर ही कामं शब्दावर कधीच घेऊ नयेत. नगावर घ्यावीत. आणि मोजणी आधी करावी, कारण व्यापारी मेसेजचा साचा मोबाइल कंपन्यांच्या ‘डीएलटी’ नावाच्या नोंदणी यंत्रणेत नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. मंजुरीनंतर एखादा अनुस्वार सुटल्याचं लक्षात आलं, तर तो एवढाच आत सरकवता येत नाही, नोंदणी पहिल्यापासून.

शब्द मोजणं तरी सरळ असावं, तर तेही नाही. संगणकाला शब्द म्हणजे दोन मोकळ्या जागांमधला ऐवज. इंग्रजीत ‘टू द टीचर्स ऑफ द स्कूल’ हे सहा शब्द. मराठीत ‘शाळेतल्या शिक्षकांना’, दोनच. आपले प्रत्यय नामाला चिकटून बसतात, त्याचा हा परिणाम. हजार शब्दांचा इंग्रजी मजकूर मराठीत आठशेच्या आसपास उतरतो. तेव्हा अनुवादाचा दर मूळ शब्दांवर की उतरलेल्या शब्दांवर, हे पहिल्याच मेलमध्ये लिहून घ्यायचं. तोंडी ठरलं तर प्रत्येक पक्ष आपल्या सोयीचा आकडा लक्षात ठेवतो. मूळ शब्दांवर ठरवणं दोघांच्याही भल्याचं, कारण काम सुरू होण्याआधीच रक्कम कळते आणि लेखकाला फुगवायचा मोह होत नाही.

मोह होतो हो. ‘घरामध्ये’ हा एक शब्द, ‘घरा मध्ये’ हे दोन. ‘करण्यासाठी’ एक, ‘करण्या साठी’ दोन. शब्दयोगी अव्यय तोडून लिहिणाऱ्याला संगणक बक्षीस देतो आणि नियमाने जोडून लिहिणारा तोट्यात जातो. शुद्धलेखनाची अशी किंमत मोजावी लागेल, हे नियम करणाऱ्यांच्या मनातही आलं नसेल.

‘ऱ्या’ची गोष्ट याहून बारीक आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्या तऱ्हेत साधा र घेतात, पाय मोडतात आणि पुढे एक न दिसणारी जोडखूण घालतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. पण शोधायला गेलात की संगणक एकाला ओळखतो आणि दुसऱ्याला परका मानतो. शंभर पानांच्या माहितीपुस्तिकेत ‘दुसऱ्या टप्प्यात’ बदलून ‘तिसऱ्या टप्प्यात’ करायचं असेल, तर ‘सगळे बदला’ दाबल्यावर निम्मे बदलतात आणि निम्मे तसेच राहतात. ‘ॲ’चंही तेच. एक सलग अक्षर, एक अ वर चंद्र बसवून केलेलं. म्हणून दोन-तीन जणांनी लिहिलेला मजकूर एकत्र आला की आधी दोन्ही रूपं शोधून एकसारखी करायची आणि मगच संपादनाला हात घालायचा. छपाईसाठी मजकूर युनिकोडआधीच्या जुन्या फॉन्टमध्ये फिरवून घेणार असतील तर परत आलेल्या पीडीएफमध्ये पहिली नजर ‘ऱ्या’ आणि रफारावर. तिथे चूक झाली की आचाऱ्यांचा सत्कार आचार्यांच्या नावे होतो.

दर किती लावायचा, हा प्रश्न या धंद्यात सगळ्यांना पडतो आणि कुणी मोकळेपणाने सांगत नाही. हिशेब मात्र पाटीवरचा आहे. समजा, महिन्याला घरात ४०,००० लागतात. वीज, इंटरनेट, विमा, पुढच्या लॅपटॉपची बाजूला टाकायची रक्कम, असे ९,००० धरा. झाले ४९,०००. कामाचे दिवस २२, पण सगळे विकता येत नाहीत. फोन, अंदाजपत्रकं, बिलं, उगाच झालेल्या मीटिंगा आणि शेजाऱ्यांची पार्सलं घेणं (घरीच तर असता!) यात आठ दिवस जातात. उरलेल्या १४ दिवसांनी भागलं की दिवसाचे ३,५०० येतात. तपासून, घासूनपुसून दिवसाला हजार शब्द होत असतील, तर शब्दाला साडेतीन रुपये. आता फोनवर कुणी ‘५० पैसे शब्द, पण काम भरपूर’ म्हणालं, तर रागवायचं काही कारण नाही. दिवसाचे पाचशे होतात, एवढं सांगून फोन ठेवता येतो. ‘काम भरपूर’ हा त्या वाक्यातला धोका आहे, लोक त्याला आमिष समजतात.

दुरुस्त्यांचा हिशेब सर्वांत अवघड, कारण त्याला एककच नाही. ‘छोटासा बदल’ म्हणजे एक स्वल्पविरामही असू शकतो आणि सगळा लेखही. अंदाजपत्रकात दोन फेऱ्या धरलेल्या असाव्यात, तिसरीचे पैसे वेगळे. फेरी म्हणजे काय, तेही लिहावं: सगळ्यांच्या सूचना एकाच मेलमध्ये, एकाच माणसाकडून. नाहीतर सकाळी मॅडमचा व्हॉइस मेसेज, दुपारी सरांचा स्क्रीनशॉट, आणि रात्री दहाला ‘छान आहे, पण जरा पंच येत नाहीये’. या पंचाला फेरी धरावं की नाही, यावर दोन मतं आहेत. माझं मत, धरावं. आणि फाइलला ‘फायनल’ हे नाव देऊ नये. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल हीच’ अशी वंशावळ वाढत जाते आणि छापायला आजोबा जातात. तारीख आणि आवृत्तीचा आकडा पुरतो.

मग बिल. त्यात बिलाचा क्रमांक, तारीख, कामाचं वर्णन, पॅन, खातं, आयएफएससी आणि अक्षरी रक्कम. जीएसटीची नोंदणी नसेल तर तो लावायचा नाही. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. १२,००० चं बिल दिलं आणि खात्यात १०,८०० आले, तर पैसे कुणी बुडवलेले नाहीत. व्यावसायिक फी म्हणून १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापला गेलाय. एकाच कंपनीकडून वर्षात ठरावीक रकमेपर्यंत तो कापत नाहीत. ही मर्यादा एप्रिल २०२५ पासून ३०,००० ची ५०,००० झाली. कापलेले पैसे आपल्या पॅनवर जमा दिसायला हवेत. समोरच्या कारकुनाने पॅनमधलं एक अक्षर चुकवलं तर ते दिसत नाहीत. म्हणून तिमाही संपून कंपनीच्या टीडीएस विवरणपत्राची मुदत उलटली की प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर जाऊन बघायचं. आपलं विवरणपत्र भरायच्या आदल्या रात्री बघितलं तर उपयोग नाही.

आणि दिवस. ‘पेमेंट प्रोसेसमध्ये आहे’ हे मराठीतलं सर्वांत लवचीक वाक्य असावं, तीन दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत कशालाही पुरतं. त्यावर एक औषध आहे. ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी फुकट होते, आधार आणि पॅनवर, घरबसल्या. मोठं काम घेण्याआधीच करून ठेवावी. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. व्याजाची नोटीस पाठवायला कुणाचं मन होत नाही, गिऱ्हाईक तुटेल म्हणून. पण बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ‘देय ४५ दिवसांत’ एवढी ओळ असली तरी फरक पडतो. विशेषतः मार्चमध्ये, कारण मुदतीत आणि मार्चअखेरपर्यंतही न दिलेली अशी रक्कम कंपनीला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, आणि हे त्यांच्या अकाउंट्सवाल्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. मात्र त्याचं नाव आणि फोन नंबर काम घेतानाच मागून ठेवायचा. ज्याने काम दिलं त्याच्या हातात चेकबुक क्वचितच असतं.

असं सगळं मोजून झाल्यावर साड्यांच्या मेसेजकडे परत यावं. ६६ खुणा, एका मेसेजमध्ये आरामात. दुकानदाराला पाठवला की पाच मिनिटांत उत्तर येतं: ‘ताई, एकदम मस्त. फक्त खाली दुकानाचा पत्ता टाका ना.’ उरल्यात चार खुणा, आणि नुसत्या ‘पत्ता’ या शब्दालाच पाच लागतात.